रिसीव्हर कपाटात, श्रोते घरी: एका सभागृहातील श्रवणसाहाय्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका सार्वजनिक सांस्कृतिक केंद्राचे आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. मुख्य सभागृह सुमारे ६०० आसनांचे असून खाली उतरत्या रांगा आणि वर बाल्कनी आहे. त्याला भिंत लागून ८० जणांचे एक छोटे दालन आहे. तिथे व्याख्याने, कार्यशाळा आणि संस्थांच्या बंद बैठका होतात. प्रवेशाशी काचेआड तिकीट खिडकी. सभागृहाच्या नूतनीकरणात गालिचे आणि खुर्च्या बदलायच्या होत्या. त्या कामांच्या यादीत शेवटून दुसऱ्या ओळीवर ‘श्रवणसाहाय्य यंत्रणा: पुनर्विचार’ असे लिहिलेले होते.

पुनर्विचार म्हणजे बहुधा रद्दच करणे. केंद्राकडे रेडिओ लहरींवर चालणारा एक जुना संच होता: एक ट्रान्समीटर आणि कमरेला अडकवायचे डझनभर रिसीव्हर. ते बुकिंग कार्यालयातल्या कपाटात असत. वापराची नोंदवही होती आणि तिची पाने जवळपास कोरी होती. व्यवस्थापनाचा निष्कर्ष सरळ होता: ‘मागणी नाही.’ सल्ल्यासाठी बोलावलेल्या गटात मी होतो. पहिल्या बैठकीत एका विश्वस्तांनी विचारले, “आपल्या प्रेक्षकांत असे लोक असतात तरी किती?”

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ४३ कोटींहून अधिक लोकांना, म्हणजे लोकसंख्येच्या ५ टक्क्यांहून जास्त लोकांना, श्रवणदोषासाठी उपचार किंवा पुनर्वसनाची गरज आहे. साठीपुढच्या लोकांत हे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर जाते. या केंद्राच्या नाटकांना आणि व्याख्यानांना येणारा बराचसा प्रेक्षक साठीच्या आसपासचा किंवा पुढचा होता. त्यामुळे कोरी नोंदवही आणि भरलेले सभागृह यांचा मेळ बसत नव्हता.

अडचण नेमकी कुठे होती

श्रवणयंत्र असलेल्या माणसाला सभागृहात वेगळे काही कशाला लागते, हा प्रश्न व्यवस्थापनातल्या जवळपास प्रत्येकाने कधी ना कधी विचारला. श्रवणयंत्राचा माइक कानाशी असतो आणि बोलणारा वीस मीटरवर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी ६ डेसिबलने उतरते. बंद सभागृहात ती इतकी उतरत नाही, कारण भिंतींवरून परतलेला आवाज भर घालतो. पण ती भर शब्द पुसट करणारी असते. यंत्र सगळेच मोठे करते: संवाद, घुमारा, वातानुकूलनाची घरघर, मागच्या रांगेतला खोकला. आतल्या कानातल्या संवेदी पेशी झिजल्या असतील तर नुसता मोठेपणा पुरत नाही. गोंगाटाच्या मानाने बोलणे बरेच वर असावे लागते. श्रवणसाहाय्याच्या सगळ्या यंत्रणा एकच गोष्ट साधतात: बोलणाऱ्याच्या तोंडाशी असलेल्या माइकमधला आवाज हवेतला प्रवास टाळून थेट कानात पोचवतात.

जुना संच हेच करत होता. मग तो कुणी का मागत नव्हते? नोंदवही पाहून याचे उत्तर मिळणार नव्हते, म्हणून आम्ही न येणाऱ्यांना विचारायचे ठरवले. एका ऑडिओलॉजिस्टच्या, म्हणजे श्रवणतज्ज्ञाच्या, मदतीने श्रवणयंत्र वापरणाऱ्या काहींना बोलावले. पूर्वी नियमित येणाऱ्या आणि आता सभासदत्वाचे नूतनीकरण न केलेल्या लोकांना फोन केले.

जे कळले ते साधे होते. रिसीव्हर घ्यायला कार्यालयात जाऊन मागावे लागे, ओळखपत्र ठेवावे लागे आणि कार्यक्रम संपल्यावर गर्दीत परत रांग लावावी लागे. रिसीव्हरला कानात घालायची बोंडे होती, म्हणजे स्वतःचे श्रवणयंत्र काढून ठेवायचे. ज्याच्या कानाच्या मोजमापानुसार यंत्राची जुळणी झाली आहे त्याला ती जुळणी बाजूला ठेवून सरसकट आवाज ऐकावा लागे. गळ्यात घालायचा नेकलूप, ज्यामुळे श्रवणयंत्र कानातच राहते, एकही नव्हता. तुलनेसाठी: अमेरिकेच्या २०१० च्या सुगम्यता प्रमाणकांत एवढ्या आसनसंख्येच्या सभागृहात दर चार रिसीव्हरमागे एक श्रवणयंत्राशी जुळणारा असावा असे आहे. इथे डझनात शून्य. त्यातल्या काहींच्या बॅटऱ्याही मेलेल्या होत्या.

एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, “मी पहिल्या रांगेचं तिकीट काढायचे. ते मिळालं नाही तर जायचेच नाही. मला काही लागतं असं तुम्हाला कधी वाटलंच नसेल.” दुसरे एक गृहस्थ आता फक्त वाद्यसंगीताला येत, कारण तिथे शब्द कळण्याचा प्रश्न नसतो. दोघेही नोंदवहीत नव्हते.

हा या प्रकरणातला पहिला निर्णायक टप्पा. नोंदवही हाच पुरावा मानला असता तर संच भंगारात गेला असता आणि गालिचा अंथरून झाल्यावर जमिनीखाली काही करण्याची संधी बरीच वर्षे मिळाली नसती.

कोणते पर्याय तोलले

इंडक्शन लूप, इन्फ्रारेड, नवा रेडिओ संच, वाय-फायवरून मोबाइलमध्ये आवाज आणि ब्लूटूथची ऑराकास्ट पद्धत, असे पाच पर्याय समोर होते. प्रत्येक विक्रेता आपल्याच पर्यायाची बाजू मांडत होता, हे वेगळे सांगायला नको.

लूपची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ पोलियाकॉफ यांनी १९३७ मध्ये तिचे पेटंट घेतले. जमिनीत तारेचा फेरा, त्यात आवाजाप्रमाणे बदलणारा विद्युतप्रवाह, त्यातून चुंबकीय क्षेत्र, आणि ते टिपणारी श्रवणयंत्रातली बारीक गुंडाळी म्हणजे टेलिकॉइल. बऱ्याच कॉक्लिअर इम्प्लांटच्या प्रोसेसरमध्येही ती असते. श्रोत्याने यंत्राचा ‘टी’ प्रोग्रॅम लावला की काम झाले. कुणाकडे काही मागायचे नाही, काही परत करायचे नाही. मुलाखती ऐकल्यावर आम्हाला हाच मुद्दा सगळ्यांत जड वाटला.

लूपचे तोटेही खरे होते. काँक्रीटमधल्या सळ्या चुंबकीय क्षेत्र खातात, आणि वरच्या कंप्रतांवर जास्त खातात. म्हणजे नेमकी स, श, त, क यांसारखी व्यंजने बोथट होतात. लूपचे क्षेत्र भिंत ओलांडून शेजारच्या दालनातही जाते. शिवाय कानात खोल बसणाऱ्या बारीक यंत्रांत आणि बऱ्याच रिचार्जेबल यंत्रांत टेलिकॉइल नसतेच.

इन्फ्रारेडचा आवाज प्रकाशासारखा भिंतीशी थांबतो. गुप्तता हवी तिथे हा मोठा गुण. पण रिसीव्हर वाटावेच लागतात, उन्हाचा थेट झोत त्रास देतो आणि समोर खांब आला की आवाज जातो. नवा रेडिओ संच स्वस्त पडत होता आणि बाल्कनीपर्यंत सहज पोचत होता, मात्र जुन्याचे सगळे दुखणे त्याच्यासोबत येणार होते.

वाय-फायचा पर्याय तरुण विश्वस्तांना आवडला: प्रत्येकाकडे मोबाइल आहेच. इथे विलंबाचे गणित करावे लागले. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तेव्हा विसाव्या मीटरवर तो जवळपास ६० मिलिसेकंद उशिरा पोचतो. यंत्रणेचा विलंब तेवढाच असेल तर मागच्या रांगेत तो जाणवणारही नाही. पुढच्या रांगेत मात्र ओठ आधी हलतील आणि शब्द मागून येतील. ओठ वाचून अर्धे समजून घेणाऱ्या माणसाला हे असह्य होते. चाचणीत विलंब याहून पुष्कळ जास्त आणि रोज वेगळा निघाला. अंधाऱ्या नाट्यगृहात मोबाइलचा पडदा उजळणार, हे निराळेच.

ऑराकास्ट २०२२ मध्ये जाहीर झालेली पद्धत. एका ट्रान्समीटरवरून कितीही जण थेट आपल्या श्रवणयंत्रात किंवा इअरफोनमध्ये ऐकू शकतात. भविष्य तिकडे आहे, असे मलाही वाटते. पण बोलावलेल्या लोकांच्या कानातली यंत्रे पाहिली तेव्हा ती पद्धत समजणारी मोजकीच होती, आणि श्रवणयंत्र माणूस वर्षानुवर्षे वापरतो.

तात्पुरती तार आणि एक मोजणी

लूपवर सगळे अवलंबून होते आणि लूप जमिनीवर. कागदोपत्री निर्णय घेण्याआधी गालिच्यावर तात्पुरती तार टाकून मोजायचे ठरले. विक्रेत्याला ते नको होते. “आमचा अनुभव आहे” असे तो म्हणत राहिला. व्यवस्थापकीय अधिकाऱ्यांनी मोजणीचा आग्रह धरला, आणि माझ्या मते संपूर्ण कामातला सगळ्यांत चांगला निर्णय हाच.

लूपसाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणक आहे: आयईसी ६०११८-४. बोलण्याच्या शिखरांना क्षेत्राची तीव्रता मीटरला ४०० मिलिअँपिअर असावी. १०० हर्ट्झ ते ५ किलोहर्ट्झपर्यंतचा प्रतिसाद १ किलोहर्ट्झच्या तुलनेत ३ डेसिबलच्या आत राहावा. आणि जागेचा मुळातला चुंबकीय गोंगाट त्या ४०० च्या पातळीखाली ४७ डेसिबल असावा, अशी शिफारस. मोजायचे बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, १.२ मीटरवर.

सभागृहाच्या कडेने टाकलेला एकच मोठा फेरा नापास झाला. कडेच्या आसनांवर ठीक, मधोमध आवाज पडलेला, आणि वरच्या कंप्रता तर गेलेल्याच. खालच्या स्लॅबमध्ये लोखंड भरपूर होते. शिवाय डाव्या बाजूच्या काही रांगांत बंद यंत्रणेतही गुरगुर येत होती. शोध घेतला तर त्या भिंतीमागे रंगमंचाच्या दिव्यांचे डिमर होते. दिवे मंद केले की गुरगुर वाढे. ही गोष्ट कुठल्याही नकाशात दिसली नसती.

दुसऱ्या मांडणीत अरुंद फेऱ्यांचे दोन संच एकमेकांवर सरकवून टाकले आणि दोन अँप्लिफायरमधून ९० अंशांच्या कलांतराने, म्हणजे दोन्हींच्या लहरी पाव आवर्तनाने मागेपुढे ठेवून, चालवले. या पद्धतीत क्षेत्र रांगोरांग एकसारखे राहते आणि बाहेर सांडणेही खूप कमी होते. मोजणी प्रमाणकात बसली, डिमरजवळच्या रांगा सोडून. बाल्कनीचा सांगाडा पोलादी पत्र्यावर उभा होता; तिथे कोणतीच मांडणी चालली नाही.

काय ठरले आणि काय केले

गालिच्याच्या कंत्राटाची तारीख जवळ आलेली. तांब्याची चपटी पट्टी गालिच्याखालीच जाते, त्यामुळे ‘पुढच्या वर्षी पाहू’ हा नेहमीचा मार्ग बंद होता. एका अर्थी बरे झाले.

खरा वाद लूप किती आसनांना द्यायचा यावर झाला. एका कोपऱ्यातल्या चार रांगा राखून ठेवल्या तर खर्च बराच वाचत होता. पण मग श्रोत्याला बायको-मुलांपासून वेगळे बसावे लागणार, किंवा सगळ्या कुटुंबाला त्याच कोपऱ्यात. शिक्षिकाबाईंचे पहिल्या रांगेचे तिकीट आठवत होतेच. शेवटी खालच्या सगळ्या आसनांना लूप द्यायचा, फक्त पुढच्या दोन रांगा वगळायच्या असे ठरले. त्या वगळण्याचे कारण विद्युत गिटार: तिचे पिकअप हेही चुंबकीय क्षेत्र टिपणाऱ्या गुंडाळ्याच, आणि रंगमंचाच्या कडेशी लूप आला की वाद्यातून लूपचाच आवाज येऊन शिट्टी लागण्याचा धोका. डिमर हलवणे महाग होते, म्हणून त्या बाजूच्या बाधित रांगा आसननकाशावर लूपबाहेर दाखवल्या. बाल्कनीसाठी नवा रेडिओ संच घेतला, या वेळी नेकलूपसह. ज्यांच्याकडे श्रवणयंत्रच नाही किंवा टेलिकॉइल नाही त्यांच्यासाठी खाली हेडफोनचे लूप-रिसीव्हर ठेवले.

छोट्या दालनात बंद बैठका होत, म्हणून तिथे इन्फ्रारेड. पश्चिमेच्या खिडक्यांना जाड पडदे लावावे लागले. तिकीट खिडकीला लहान काउंटर-लूप बसवला; सगळ्यांत कमी खर्चाचे आणि सगळ्यांत लवकर उपयोगी पडलेले काम तेच.

रिसीव्हरचे कपाट कार्यालयातून दारावरच्या मदतनीसाच्या टेबलावर आले. ओळखपत्राची अट गेली. फोन नंबर लिहून घ्यायचा, बस. मदतनीसांना सांगितले की कुणाला कमी ऐकू येते का असे मोठ्याने विचारायचे नाही, टेबलावर कानाचे आणि ‘टी’चे चिन्ह ठेवायचे आणि कुणी थबकले तर “काका, दाखवू का कसं लावायचं?” एवढेच म्हणायचे.

उद्घाटनाआधी ऐकण्याचा एक खुला दिवस ठेवला. तिथे एक गोष्ट समोर आली आणि ती आम्ही धरली नव्हती इतक्या मोठ्या प्रमाणावर निघाली: बऱ्याच जणांच्या यंत्रात टेलिकॉइल होती, पण तिचा प्रोग्रॅम कुणी सुरूच करून दिला नव्हता. आलेल्या ऑडिओलॉजिस्टने लॅपटॉप जोडून तो जागेवर चालू करून दिला. ज्यांनी वर्षानुवर्षे यंत्र वापरले त्यांना आपल्याकडे ही सोय आहे हे त्या दिवशी कळले.

परिणाम

भाषणांना आणि चर्चांना फरक लगेच पडला. नाटकांच्या बाबतीत पहिलाच मोठा प्रयोग फसला. पाहुण्या संस्थेने स्वतःचा मिक्सर आणला, तो थेट स्पीकरना जोडला, आणि केंद्राचा मिक्सर दिवसभर बंद राहिला. लूपला आवाज त्याच मिक्सरमधून जात होता. जमिनीखाली प्रमाणकात बसणारी यंत्रणा आणि तिच्यात शांतता. ‘टी’ लावून बसलेल्यांना वाटले की आपलेच यंत्र बिघडले. मध्यंतरापर्यंत कुणी तक्रारही केली नाही.

त्यानंतर दोन बदल झाले. लूपची जोडणी मिक्सरपासून स्वतंत्र केली. रंगमंचावर कायमचे माइक टांगले. बाहेरून मिक्सरचा आवाज आला तर त्याला प्राधान्य, नाही आला तर टांगलेल्या माइकचा आवाज आपोआप. टांगलेल्या माइकमध्ये पावलांचे आवाज आणि थोडा घुमारा येतो, अंगावरच्या माइकची सर त्याला नाही, पण शांततेपेक्षा कितीतरी बरे. आणि सभागृहाच्या भाडेकरारात एक कलम आले: बाहेरच्या ध्वनितंत्रज्ञाने लूपसाठी वेगळी वाट द्यायची, ज्यात बोलणे वर आणि पार्श्वसंगीत खाली असेल. केंद्राचे ध्वनितंत्रज्ञ आता प्रयोगाआधी लूप-रिसीव्हर कानाला लावून रांगांतून एक फेरी मारतात. मिक्सरवरचा दिवा हिरवा असणे आणि पाचव्या रांगेत ऐकू येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना आता कुणी सांगावे लागत नाही.

प्रश्नोत्तरांचे दुखणे राहिले. प्रेक्षकांतला कुणीतरी उठतो, “माझा आवाज मोठा आहे, माइक नको” म्हणतो आणि बोलू लागतो. त्याचे बोलणे लूपमध्ये जात नाही. ‘टी’वर असलेल्याला उत्तर ऐकू येते, प्रश्न नाही. सूत्रसंचालकाने प्रश्न माइकवर पुन्हा सांगायचा असा नियम केला. तो पाळला जातो तेव्हा उत्तम.

काहींना यातले काहीच उपयोगी पडले नाही. एका तरुणाने स्पष्ट सांगितले, “आवाज मोठा होतो, शब्द तयार होत नाहीत.” शब्द ओळखण्याची क्षमताच फार कमी उरली असेल तर लूप काय किंवा ऑराकास्ट काय, दोन्ही अपुरे. त्यांच्यासाठी पडद्यावर लिहून येणारे संवाद लागतात. तो खर्च या नूतनीकरणात धरलाच नव्हता. सध्या निवडक प्रयोगांना तशी सोय होते.

वेगळे काय करता आले असते

मोजणी आधी आणि खरेदी नंतर हा क्रम जवळजवळ योगायोगाने घडला. नूतनीकरणाच्या आराखड्यातच डिमरची खोली आणि लूप एकाच नकाशावर पाहिले असते तर डिमर दुसऱ्या भिंतीमागे नेणे फार महाग पडले नसते आणि डाव्या रांगा वाचल्या असत्या.

पाहुण्या संस्थांशी बोलणे यंत्रणा बसवल्यानंतर झाले. सभागृह वापरणारे खरे ध्वनितंत्रज्ञ तेच. खुल्या दिवसाला श्रोत्यांइतकेच त्यांना बोलावायला हवे होते. आणि ऐकण्याच्या चाचण्या बहुतेक भाषणांवर घेतल्या गेल्या. अंगावर माइक नसलेल्या नटांचा एक प्रवेश त्यात असता तर पहिल्या प्रयोगाची फजिती आधीच दिसली असती.

वापर कसा मोजायचा हेही सुरुवातीला ठरले नाही. लूप वापरणारा कुणाकडे काही मागत नाही, म्हणून त्याची नोंद होत नाही. वर्षअखेरीच्या बैठकीत त्याच विश्वस्तांनी रिसीव्हरची वही उघडून पुन्हा विचारले, “एवढा खर्च केला, वापरतं कोण?” रेडिओ रिसीव्हरच्या नोंदी थोड्या वाढल्या होत्या, लूपच्या अर्थातच शून्य. आता तिकीट आरक्षित करताना ‘लूप असलेले आसन हवे’ असा पर्याय दिला आहे आणि कार्यक्रमानंतरच्या अभिप्रायपत्रात एक प्रश्न वाढवला आहे. यातून आकडा कमीच येईल, कारण पुष्कळ जण खूण न करताच येतात आणि बसतात. बैठकीच्या इतिवृत्तात ही गोष्ट आग्रहाने लिहून घेतली आहे.

ऑराकास्टचा ट्रान्समीटर घ्यायचा की नाही, हे अजून ठरलेले नाही. त्यासाठी छतात रिकामी नळी आणि वीजजोडणी ठेवली आहे. ऑडिओलॉजिस्टकडे येणाऱ्यांत ती पद्धत चालणारी यंत्रे किती वाढतात हे पाहून पुढच्या अंदाजपत्रकात विषय येईल. लूप मात्र तेव्हाही काढायचा नाही, एवढे लेखी झाले आहे.